त्याच रंगाचा फ्यूज

गाडीचा फ्यूज उडाला की बहुतेक माणसं म्हणतात, फ्यूज खराब झाला. मला हे म्हणणं पटत नाही. त्या घडीला अख्ख्या गाडीत सर्वांत चोख वागलेला भाग कुठला असेल तर तो उडालेला फ्यूज. त्याला जे काम नेमून दिलं होतं ते आयुष्यात एकदाच करायचं होतं आणि ते त्याने बिनचूक केलं. बिघडलंय ते दुसरीकडे कुठेतरी, आणि ते कुठे हे अजून कोणाला कळलेलं नाही. फ्यूज बदलणं हे दोन मिनिटांचं काम. किल्ली बंद करायची, स्टिअरिंगखालच्या किंवा बॅटरीशेजारच्या डब्याचं झाकण उघडायचं, झाकणाच्या आतल्या नकाशावरून नेमका फ्यूज हुडकायचा, प्लॅस्टिकच्या चिमट्याने जुना उपसायचा आणि नवा दाबून बसवायचा. पण या दोन मिनिटांत माणूस एक निर्णय घेतो. बिघाडाने दिलेली खबर ऐकायची, की पुन्हा खबर येणारच नाही अशी व्यवस्था करायची? गोंदिया जिल्ह्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या बाजूंना एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना बराच वेळ धानाच्या बांध्या नाहीतर जंगलच लागतं. तिथे हा निर्णय दुकानात बसून होत नाही. तो रस्त्याच्या कडेला, मोबाईलच्या उजेडात घ्यावा लागतो, आणि मला वाटतं म्हणूनच त्याचा विचार आधी, शांत डोक्याने करून ठेवायला हवा.

मुळात फ्यूज कोणाला वाचवतो? दिवा, वायपर, हॉर्न, गाण्यांची सिस्टिम यांना वाचवतो असा सर्वसाधारण समज आहे. तो या उपकरणांना वाचवत नाही. बल्ब जळायचा असेल तर फ्यूज शाबूत राहूनही जळतो. फ्यूज बसवलेला असतो तो तारेसाठी. बॅटरीपासून उपकरणापर्यंत जाणारी तार किती प्रवाह सोसेल हे तिच्या जाडीवरून ठरतं, आणि तिच्याआधी वितळेल असा एक दुवा मुद्दाम वाटेत ठेवलेला असतो. ही कल्पना जुनी आहे. १८४७ मध्ये ब्रेगे या फ्रेंच माणसाने तारायंत्राची ठाणी विजेपासून वाचवण्यासाठी मध्ये बारीक तार जोडावी असं सुचवलं होतं. १८९० मध्ये एडिसनने दिव्यांच्या वितरणासाठी अशाच दुव्याचं पेटंट घेतलं. आणि आज आपण गाडीत पाहतो तो दोन पात्यांचा रंगीत फ्यूज १९७० च्या दशकात आला. त्याच्या आत जस्ताचा छोटासा पूल असतो. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळतं. ठरल्या प्रवाहाच्या दुप्पट प्रवाह आला तर हा पूल पाच सेकंदांच्या आत तुटतो, थेट शॉर्ट झालं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. प्लॅस्टिक पारदर्शक ठेवलेलं असतं ते तुटलेला पूल बाहेरून दिसावा म्हणून, आणि माथ्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात ते फ्यूज न काढता टेस्ट लॅम्प लावता यावा म्हणून. ज्याने हा आराखडा केला त्याला तपासणाऱ्या माणसाची काळजी होती, हे त्या दोन ठिपक्यांवरून दिसतं.

रंगही सोयीसाठीच आहेत. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, पांढरा २५, हिरवा ३०. वाचता न येणाऱ्या हेल्परलाही चूक करता येऊ नये इतकी ही खूण सोपी आहे, आणि तरीही चूक होते, कारण ती अज्ञानातून होत नाही. समजून-उमजून होते. लाल दोनदा उडाला की तिसऱ्यांदा निळा लावला जातो, निळाही गेला की हिरवा. दिव्यांचं उदाहरण घेऊन हिशोब मांडू. साध्या हॅलोजन हेडलाइटचा बल्ब अप्परला ६० वॉटचा असतो. बारा व्होल्टला एका दिव्याचे ५ अँपिअर, दोघांचे १०. दोघांना मिळून एकच फ्यूज असेल तर तो १५ चा. आता जंगलातल्या रस्त्यावर उजेड कमी पडतो म्हणून कोणी १०० वॉटचे बल्ब लावले, तर दोघांचा प्रवाह होतो साडेसोळा अँपिअरच्या वर. फ्यूज आज ना उद्या उडतोच. मग तिथे ३० चा बसतो, दिवे झकास लागतात आणि काम फत्ते झालं असं वाटतं. तार मात्र जुनीच आहे. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे दीडपटीच्या थोडा वर गेलेला प्रवाह तीच तार जवळजवळ पावणेतीनपट तापवतो. आणि पुढे कुठे शॉर्ट झालं तर त्या तारेला सोसवेल त्याहून कितीतरी जास्त प्रवाह जाईपर्यंत तो हिरवा फ्यूज गप्प बसणार आहे. फ्यूजच्या जागी तांब्याच्या पाच-सहा तारा पिळून घातल्या तर प्रश्नच मिटला. तांबं वितळायला हजार अंशांच्या वर तापावं लागतं, तोवर भोवतालचं सगळं प्लॅस्टिक जळून गेलेलं असतं.

यात एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. मोठा फ्यूज लावल्याने कमजोर जागा नाहीशी होत नाही, ती फक्त सरकते. आधी ती डब्यात, हाताशी, काही रुपयांत बदलता येईल अशी होती. आता ती डॅशबोर्डच्या मागे, गालिच्याखाली, पेट्रोलच्या नळीशेजारी कुठेतरी जाऊन बसली. गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगायला विजेचं शास्त्र लागू नये, कारण त्याच्या गावच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात हीच अक्कल शेकडो वर्षांपासून बांधलेली आहे. कोहळी लोकांनी हे तलाव उभे केले. नवेगावबांधचा मोठा तलावही कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. मातीची पाळ कितीही भक्कम घातली तरी एका बाजूला सांडवा तिच्याहून खालीच ठेवलेला असतो. पाणी वाढलं की ते तिथूनच जावं, ठरलेल्या वाटेने जावं, म्हणून. जास्त पाणी साठावं या हव्यासाने कोणी सांडव्यावर रेतीची पोती रचली तर तलावाची ताकद वाढत नाही. पाळ कुठून फुटेल ते ठरवण्याचा अधिकार तेवढा आपण पाण्याकडे सोपवतो. पाळीखालच्या बांध्या ज्याच्या आहेत तो सांडव्याला कमजोर म्हणणार नाही.

म्हणून पहिला फ्यूज उडाल्यावर त्याच रंगाचा दुसरा लावणं मला योग्य वाटतं. ती दुरुस्ती आहे म्हणून नव्हे, तर तपासणीची पहिली पायरी आहे म्हणून. दुसरा फ्यूज कसा उडतो यावरून पुष्कळ कळतं, ऐकणारा मात्र हवा. बसवताक्षणी, चटकन उडाला तर तार सरळ बॉडीला टेकली आहे. पाच-दहा मिनिटं चालून मग गेला तर शॉर्ट नाही, भार जास्त झाला आहे: वायपरची लिंक चिखलाने अडली असेल, काचेची मोटर रबरात रुतली असेल, ब्लोअरचं बेअरिंग धरलं असेल. खड्ड्यात चाक गेलं किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवलं की जातो, म्हणजे तार कुठेतरी पत्र्याच्या धारेला घासते आहे. कोरड्या दिवसांत ठणठणीत आणि पावसात उडतो, म्हणजे मागच्या नंबर प्लेटच्या दिव्यात किंवा एखाद्या सॉकेटमध्ये पाणी शिरतं आहे. वर्षाकाठी सरासरी हजार मिलिमीटरच्या पुष्कळ वर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात ही शेवटची शक्यता मी कधीच बाजूला ठेवणार नाही. पितळी पिनांवर चढलेला हिरवा थर हा इथल्या वायरिंगवाल्यांच्या रोजच्या ओळखीचा. आणि दुसरी इथली खास शक्यता उंदरांची. धान निघालं, कोठीत आलं, की उंदीर येतात, आणि कोठीशेजारी किंवा राइस मिलच्या आवारात उभ्या केलेल्या गाडीचं इंजिन त्यांना रात्रीच्या उबेची जागा वाटतं. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे ते झिजवायला काहीतरी कुरतडणं त्यांना भाग असतं. तारेवरचं प्लॅस्टिक गेलं, तांबं उघडं पडलं, आणि दोन उघड्या तारा एकमेकींना भेटल्या की फ्यूज उडणारच. दिवाळीनंतर, मळणीच्या दिवसांत, बॉनेटखालचा फ्यूज अचानक उडाला तर मी आधी तिथे लेंड्या आहेत का ते बघायला सांगेन. शिवाय चार्जर लावायच्या सॉकेटचा फ्यूज हा एक वेगळाच प्रकार. त्या भोकात पडलेलं एखादं नाणं किंवा हेअरपिन काढलं की पुढे काही करावंच लागत नाही.

जिथे असं वरवर काही दिसत नाही तिथे जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन आणखी फ्यूज जाळत बसत नाही. तो फ्यूजच्या जागी दोन टोकांना एक बल्ब जोडतो. शॉर्ट असेल तर सगळा प्रवाह त्या बल्बमधून जातो आणि तो पूर्ण तेजाने पेटतो. बल्बच आवर घालत असल्यामुळे तार तापत नाही. मग तो त्या वाटेवरची जोडणी एकेक करून सोडवत जातो. मागचा दिवा सोडला, बल्ब तसाच. डिकीच्या दाराची जोडणी सोडली, बल्ब तसाच. तिसरा सॉकेट सोडला आणि बल्ब विझला, म्हणजे दोष त्या पलीकडच्या तुकड्यात. या पद्धतीला लॅपटॉप, स्कॅनर काही लागत नाही. गाडीच्या वायरिंगचा नकाशा आणि धीर लागतो. एका जुन्या बल्बच्या मदतीने आठ-दहा मीटर तारेतला हातभर दोष शोधून काढणं, हे मला कुठल्याही चांगल्या वैद्याच्या निदानाइतकं मोलाचं काम वाटतं. जुन्या अँबॅसडरमध्ये अगदी मोजके फ्यूज असत आणि गाडीचा बराच भाग एकेकाच्या जिवावर असे. त्यातला एक गेला की काय-काय बंद पडलं तेच आधी शोधावं लागे. आजच्या साध्या गाडीतही तीस-चाळीस फ्यूज असतात. म्हणजे खबर पूर्वीपेक्षा कितीतरी नेमकी येते, आणि ती ऐकण्याची सवय मात्र वाढलेली दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप अडचणीचा. रात्रीची वेळ, कोहमाऱ्याहून देवरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, दोन्ही बाजूंना नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल, गाडीत म्हातारं माणूस किंवा दवाखान्यात न्यायचा रुग्ण, आणि हेडलाइट गेलेले. तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज बसवला तर कोणत्या तोंडाने त्याला चूक म्हणायचं? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका करणार नाही. अंधारात, समोरून ट्रक येत असताना बिनदिव्याची गाडी ही गरम झालेल्या तारेपेक्षा मोठी आणि जवळची जोखीम आहे. पण अशा वेळीही चांदी हा पहिला उपाय नसतो. कित्येक गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्यांचे, अप्पर-डिपरचे फ्यूज वेगळे असतात. एक गेला तरी दुसरा लावून सावकाश जाता येतं. डब्याच्या झाकणात एखाददोन जादा फ्यूज बऱ्याचदा कंपनीनेच दिलेले असतात. ते नसले तर गाण्यांच्या सिस्टिमचा, चार्जर सॉकेटचा किंवा मागच्या वायपरचा फ्यूज काढून तिथे लावता येतो. अँपिअर तेवढेच हवेत, कमी असले तर फार तर तो लवकर उडेल, जास्त मात्र नकोत. इंजिन, ब्रेक आणि एअरबॅगच्या फ्यूजना हात लावायचा नाही, एवढं पाळलं की झालं. यातलं काहीच हाताशी नसेल आणि जिवाचाच प्रश्न असेल, तर चांदी लावा आणि वस्तीपर्यंत जा. माझा विरोध त्या रात्रीच्या चांदीला नाही. ती चांदी पुढे सहा महिने तिथेच राहते, गाडी विकली जाते, आणि नव्या मालकाला तिचा पत्ताही नसतो, याला आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे. फ्यूज कधीकधी काही दोष नसतानाही जातो, त्याचं काय? जातो. जस्ताचा तो पूल हजारो वेळा तापतो आणि निवतो, खड्ड्यांत हादरतो. मोटर सुरू होताना, थंड बल्ब पेटताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह येतो, आणि वर्षानुवर्षांच्या अशा धक्क्यांनी पूल थकतो. म्हणून तर एकदा त्याच रंगाचा नवा फ्यूज लावून बघणं रास्त. पण या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. थकवा एका फ्यूजला येतो. पाठोपाठ बसवलेल्या दुसऱ्या, कोऱ्या फ्यूजलाही तो आला असं कोणी म्हणू लागलं, तर ते निदान राहत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो पोटाचा आहे. काळी-पिवळी चालवणारा, लग्नसराईत गाडी भाड्याने देणारा, धान मिलला पोचवणारा पिकअपवाला यांचा दिवस गेला तर दिवसाची कमाई गेली. गॅरेजवाला म्हणतो, डायरेक्ट करून देऊ का, पाच मिनिटांत निघाल; नाहीतर गाडी संध्याकाळपर्यंत ठेवा. हे ऐकून ‘डायरेक्ट करा’ म्हणणाऱ्याला मी बेजबाबदार म्हणणार नाही. पण हाच हिशोब गावच्या डीपीवर आपण रोज चुकताना बघतो. उन्हाळी धानाला पाणी देण्याच्या दिवसांत पंप वाढतात, डीपीतला किटकॅट फ्यूज पुन्हापुन्हा उडतो, आणि कोणीतरी त्यात ॲल्युमिनियमची जाड तार घालतं. पंप सुरू होतात. ज्याने तार घातली त्याचा त्या दिवसाचा हिशोब बरोबर असतो. मग एके दिवशी ट्रान्सफॉर्मरच जळतो, आणि ऐन धान पोटरीवर असताना सगळं शिवार नवा येईपर्यंत वाट बघत बसतं. तिथलं नुकसान कोणा एकाच्या नावावर पडत नाही, म्हणून धडाही कोणी घेत नाही. गाडीत मात्र ते एकाच्याच नावावर पडतं. जळालेलं वायरिंग नव्याने ओढायचं म्हटलं तर गाडी एक दिवस नाही, कित्येक दिवस उभी राहते, आणि तेही आग लागली नाही तर. नुकसान फक्त रुपयांचं राहिलं तर तो माणूस नशीबवान.

आगीची भीती मी उगाच वाढवून सांगत नाही. २००९-१० मध्ये टाटा नॅनोच्या काही गाड्या पेटल्या, त्याची देशभर चर्चा झाली. चौकशीनंतर कंपनीने त्या-त्या गाडीपुरती जी कारणं सांगितली त्यांत बाहेरून बसवून घेतलेली विजेची उपकरणं हे एक होतं. आणि तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये आधी विकलेल्या गाड्यांच्या विजेच्या आणि एक्झॉस्टच्या यंत्रणेला जादा संरक्षण मोफत बसवून द्यायला ती तयार झाली. आगीचं कारण मालकाच्या हातून घडलं असेल असं मानूनही संरक्षण वाढवलं गेलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माणसं गाडीला जादा दिवे, मोठे हॉर्न, ॲम्प्लिफायर लावणारच. जंगलाच्या रस्त्यावर जास्त उजेड हवा असणं हा गुन्हा नाही. मग तो भार जुन्या तारेवर न टाकता बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, मध्ये रिले, आणि बॅटरीजवळच त्याचा स्वतःचा फ्यूज, असा द्यावा. हे काम जिल्ह्यातला कोणताही बरा इलेक्ट्रिशियन करू शकतो. फक्त सांगणारा लागतो.

काहीजण म्हणतील, हा सगळा विचार लवकरच जुना होणार. नव्या गाड्यांत प्रवाह मोजून स्वतःच वाट तोडणारे आणि पुन्हा जोडणारे इलेक्ट्रॉनिक फ्यूज येऊ लागले आहेत. येऊ देत. ते येतील तेव्हाही कुरतडलेली तार कुरतडलेलीच असेल, आणि पडद्यावर आलेला इशारा बोटाने पुसून पुढे जाणं हे चांदी गुंडाळण्याहून सोपं असेल. शिवाय आज रस्त्यावर असलेल्या गाड्या गोंदियाच्या वाटांवर अजून पंधरा-वीस वर्षं फिरणार आहेत, हाताहाताने विकल्या जाणार आहेत, आणि त्यांच्यात जस्ताचाच पूल असणार आहे.

तेव्हा बदल करायचा तर मला तो गॅरेजच्या पावतीत हवा आहे. आज इलेक्ट्रिशियनला पैसे मिळतात ते बसवलेल्या वस्तूचे. फ्यूजची किंमत चार-पाच रुपये, आणि दोष शोधायला घातलेल्या दोन तासांना गिऱ्हाईक किंमतच देत नाही. उलट ‘एवढ्याशा फ्यूजचे एवढे पैसे?’ असं विचारतं. अशाने जो शोधतो तो तोट्यात जातो आणि जो डायरेक्ट करतो तो हुशार ठरतो. शोधण्याची मजुरी वेगळी लावावी, ती आधी सांगावी, आणि आपणही ती कुरकुर न करता द्यावी. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचं शिक्षण घेऊन आलेल्या पोराला ती बल्बची पद्धत येत असते. ती वापरायला त्याला सवड आणि दाम दोन्ही मिळाले पाहिजेत. आणि पावतीवर ‘फ्यूज बदलला’ एवढंच लिहून न थांबता कुठल्या दिव्याची तार, कुठे घासली होती, किती अँपिअरचा फ्यूज लावला, हेही दोन ओळींत लिहावं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तोच फ्यूज दुसऱ्या गावात उडाला तर तिथल्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळेल.